पाच पूर्ण की पाचवं चालू

सकाळी उठल्या उठल्या काही लोक वजनकाट्यावर उभे राहतात. मी फोनवर स्वतःचं पान उघडायची. आम्हा संशोधन करणाऱ्यांचं इंटरनेटवर असं एक पान असतं. त्यावर आपले सगळे लेख एकाखाली एक, आणि प्रत्येक लेखापुढे एक आकडा. जगातल्या किती लोकांनी आपापल्या लेखात याचा हवाला दिला, तो तो आकडा. वाढला की माझा दिवस बरा जायचा. नाही वाढला की चहासुद्धा पाणचट लागायचा. नवरा विचारायचा, "काय, आज भाव काय?" आणि मी निर्लज्जासारखी खरंच सांगायची.

हसा खुशाल. आमच्या मेडिकल कॉलेजात हसणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या फोनमध्ये डोकावलं तर तेही तेच बघत असतात.

खरं सांगायचं तर माझ्या पानावर मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. वीस-बावीस लेख, त्यांतल्या निम्म्यांचा हवाला मी स्वतःच दिलेला. पण एक लेख मात्र असा होता की त्याच्या एकट्याचा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा. होसकोट्याच्या आसपासच्या खेड्यांतली लहान मुलं आणि शेजारच्या बेंगळुरू शहरातली लहान मुलं, दोघांचं रक्त तपासून आम्ही तो लिहिला होता. चार वर्षांपर्यंत दोन्हीकडची मुलं जवळजवळ सारखी, आणि पाच वर्षांची झाली की खेड्यातली मुलं एकदम मागे पडतात, त्यांचं रक्त कमी होतं, असं त्यात निघालं. का? आम्ही लिहिलं, अंगणवाडीतून शाळेकडे जायच्या वयात मुलाच्या खाण्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. वाचणाऱ्याला ते पटकन पटायचं. कुठेकुठे बोलावणी आली. परदेशातल्या मंडळींनी आमचा, रक्त कमी असलेल्या मुलांचं प्रमाण दाखवणारा आलेख आपल्या भाषणांत दाखवला. पाच वर्षांपाशी वर चढणारी ती पायरी बघून मला दरवेळी छाती फुगल्यासारखं व्हायचं.

त्याच पायरीवर चढून मला प्रोफेसर व्हायचं होतं. दोनदा मुलाखत हुकली होती. दोन्ही वेळा माझ्याहून लहान माणसं पुढे गेली आणि मी हसून पेढे खाल्ले. तिसरी मुलाखत शुक्रवारी होती. अर्जाच्या पहिल्याच पानावर तो लेख आणि त्याचा आकडा ठळक अक्षरांत टाकला होता. या वेळी नाही झालं तर मग कधी होणार?

त्याच्या आधीच्या शनिवारी आईला घेऊन मी चिकपेटला गेले. आई मूळची निपाणीची. बाबा गेल्यापासून राजाजीनगरला आमच्याकडे असते. भावकीत लग्न होतं, तिला दोन साड्या घ्यायच्या होत्या आणि माझ्या मुलीला एक फ्रॉक. मुलगी घरीच होती. मेट्रोतून उतरून गर्दीतून ढकलत ढकलत आम्ही एका अरुंद दुकानात शिरलो. साड्या झाल्या. मग दुकानदाराने फ्रॉकसाठी वय विचारलं, "वयस्सु एष्टु, अम्मा?"

"ऐदु," आई म्हणाली. पाच.

त्याने पाचचा फ्रॉक काढून पसरला. बघते तर नुसता झगा! मी म्हटलं, "आई, हा तिच्या पायात येईल. चार वर्षांची आहे ती."

"चार कुठली? पाचवं चाललंय की तिला."

"चालू असेल. पूर्ण चारच झालीत ना?"

"हे बघ, डॉक्टरीण तू दवाखान्यात. लेकराचं वय सांगताना चालू वर्षच सांगायचं. संपलेलं वर्ष कोण मोजतंय? आमच्यात सगळे असंच सांगतात. तुझ्या शाळेतबी मी असंच सांगितलेलं, मास्तरांनी काय खाल्लं नव्हतं मला."

दुकानदार हसायला लागला. म्हणाला, मॅडम, अज्जी बरोबर बोलतायत, इथे येणारी प्रत्येक आई असंच सांगते, म्हणून मी नेहमी एक नंबर कमीचा फ्रॉक बाजूला काढूनच ठेवतो. आणि खरंच त्याने गादीखालून चारचा फ्रॉक काढला.

मी त्या दोन फ्रॉककडे बघत उभी राहिले. चार आणि पाच, शेजारी शेजारी. आणि मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले. आईने पाण्याची बाटली पुढे केली. तिला वाटलं, गर्दीने गुदमरले.

होसकोट्याला मुलांची वयं आयांना विचारून लिहिली होती.

आता हे समजावून सांगते, म्हणजे मी का बसले ते कळेल. रक्त कमी आहे की नाही हे ठरवायला एक रेषा असते. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत ती रेषा जरा खाली असते, पाच पूर्ण झाली की थोडी वर सरकते. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलाला आपण पाच धरलं, तर ते चांगलं धडधाकट मूल वरच्या रेषेने मोजलं जातं आणि आजाऱ्यांच्या यादीत जाऊन बसतं. शहरातल्या मुलांची वयं आम्ही दवाखान्याच्या कार्डावरच्या जन्मतारखेवरून काढली होती. खेड्यातल्या मुलांची, आईच्या तोंडून. आणि आई काय सांगते ते माझ्या आईने आत्ताच भर दुकानात सांगितलं होतं.

रविवार मी कसा काढला ते मलाच ठाऊक. सोमवारी सकाळी ऑफिसात दार लावून कपाटातले जुने फॉर्म काढले. शहरातल्या फॉर्मला कार्डाची प्रत जोडलेली. खेड्यातल्या फॉर्मवर एकच चौकट: वय. जन्मतारखेची ओळच नाही. ती ओळ मीच काढली होती. फॉर्म एका पानात बसवायचा म्हणून. तेव्हा केवढी हुशारी केली असं वाटलं होतं! आणि हे सुचू नये कुणाला? मला? निपाणीत वाढलेल्या, "आठवं चालू, नववं लागलं" ऐकत मोठ्या झालेल्या बाईला? दिल्लीच्या माणसाला कळलं नसतं तर एक वेळ समजू शकते. मी माझ्याच घरातली रीत विसरले होते. स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटत होती.

तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, असं नसेलही. तपासल्याशिवाय कशाला घाबरायचं?

मंगळवारी होसकोट्याला गेले. तिथे आमची अक्का होती. अक्का म्हणजे आमच्या प्रकल्पाची घरोघर फिरणारी बाई. पन्नाशीची, खांद्याला कापडी पिशवी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर यावीत. त्या सगळ्या खेड्यांतलं एकेक घर तिला पाठ. रक्त घेताना पोर रडायला लागलं की तीच त्याला कडेवर घ्यायची. नोकरी कंत्राटी, वर्षावर्षाने वाढवून दिलेली. लेख छापून येणार म्हटल्यावर तिने एकदा मला विचारलं होतं, "मॅडम, त्यात आमचं नाव येतं का हो?" मी म्हटलं होतं, बघू. लेखाच्या शेवटी एक ओळ आहे, "क्षेत्रकर्मचाऱ्यांचे आभार." झालं तिचं नाव.

आम्ही अंगणवाडीत बसलो. तिथल्या जाड रजिस्टरात जन्मतारखा होत्या. मी फॉर्मवरचं नाव वाचायची, अक्का रजिस्टरात शोधून बोट ठेवायची. पहिलं मूल: फॉर्मवर पाच, रजिस्टराप्रमाणे चार वर्षं सात महिने. दुसरं: चार वर्षं दोन महिने. तिसरं एकदाचं खरं पाच निघालं आणि मी सुटकेचा श्वास घेतला. पण चौथं पुन्हा चार. पाचवं चार. पुढे मी मोजायचंच सोडलं. अक्काचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि मला वाटत होतं, थांबव बाई ते बोट.

अक्का काही बावळट नाही. दहा-पंधरा नावं झाल्यावर तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आम्ही कन्नडमध्येच बोलत होतो, मी इथे मराठीत सांगते.

"मॅडम, चालू वर्ष सांगतात ना आमच्याकडे."

"हं."

"मी विचारलं होतं तुम्हाला. पूर्ण लिहू की चालू? तुम्ही म्हणालात, आई जे सांगेल ते लिही."

"असेल. मला आठवत नाही, अक्का."

खोटं. तिने तोंड उघडायच्या आधीच मला सगळं आठवलं होतं. कामाची पद्धत शिकवायचा तो दिवस. बाहेर टॅक्सी उभी. मला एका परिषदेसाठी विमान गाठायचं होतं. मी पिशवी खांद्याला लावून दाराशी पोचले होते, तेव्हा मागून अक्काने विचारलं होतं. मी वळलेसुद्धा नव्हते. चालता चालता म्हटलं होतं, "आई जे सांगेल ते लिही गं!"

अक्काने पिशवीतून एक वही काढली. शाळेतल्या पोरांची असते तसली. त्या दिवसाचं पान उघडलं. सूचना एकाखाली एक लिहिलेल्या, वळणदार कन्नड अक्षरात. सुई एकदाच वापरायची. बोट आधी पुसायचं. आणि त्याखाली: वय – आई सांगेल ते, मॅडमनी सांगितलं.

मी त्या पानाकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरं, बरं. पुढचं नाव बघू." माझ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी मी पुढचं नाव वाचलं.

बुधवारी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. सर पुण्याचे. बेंगळुरूत वीस वर्षं काढली, पण कन्नडमध्ये त्यांना 'स्वल्प' सोडून काही येत नाही. माणूस वाईट नाही. मला संशोधनाचं अबकडई त्यांनीच शिकवलं. त्या लेखावर त्यांचंही नाव शेवटी आहे. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला. आणि अक्काला थोडंफार."

"मग शुक्रवारी मुलाखत होऊन जाऊ दे. सोमवारी जर्नलला पत्र पाठवू. अगं, चार दिवसांनी काय आकाश कोसळत नाही."

"पण सर, अर्जावर तोच लेख पहिला आहे."

"म्हणूनच सांगतोय. हे बघ, चुका होतात. सायन्समध्ये चुका सुधारतात, त्यात कमीपणा नाही. पण मुलाखतीच्या दोन दिवस आधी स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेतं? आणि पत्र नीट लिहिलं तर लेख मागेही घ्यावा लागणार नाही. दुरुस्ती छापून येईल, बस."

त्यांनी माझ्यासमोरच मसुदा टाइप केला. इंग्रजी फार चांगलं त्यांचं. सगळी वाक्यं कशी गुळगुळीत. मधोमध एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: वयाची नोंद करताना क्षेत्रपातळीवरील कर्मचाऱ्याकडून चूक झाल्याचे आढळून आले.

"सर, ही अक्काची चूक नाहीये."

"नाव कुठे लिहिलंय तिचं?"

"तिथे एकच बाई काम करत होती. कॉलेजात सगळ्यांना माहितीये. चौकशी झाली तर तिला काढतील."

"तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंच आहे," सर म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "तुझं करिअर आहे, तूच ठरव. फॉर्मची रचना चुकली असं लिहिलंस तर मग सगळा लेखच गेला, हे लक्षात घे. कर्मचाऱ्याची चूक म्हटलं तर निदान बाकीचं वाचतं."

मी तो मसुदा पेनड्राइव्हवर घेतला. हो, घेतला. उगाच मोठेपणा कशाला सांगू? घरी जाताना रिक्षात मी स्वतःलाच पटवत होते की वाक्य काही खोटं नाही, नोंद अक्कानेच केली होती, मी थोडीच केली? आणि दोन वेळा हुकलेली ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

गुरुवारी मी घरी सगळ्यांवर खेकसले. मुलगी नवा फ्रॉक घालून दाखवायला आली तर तिला म्हटलं, जा, काढून ठेव तो. तिचे डोळे भरून आले. आईने तिला पोटाशी धरलं आणि मला म्हणाली, "कुणाचा राग लेकरावर काढायलीस?" सकाळी पान उघडलं होतं. आकडा दोनने वाढला होता. कुणीतरी कुठेतरी त्या पायरीवर आणखी दोन लेख उभे केले होते. पहिल्यांदाच आकडा वाढल्यावर मी पान घाईने बंद केलं होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला कॉलेजात पोचले. मुलाखतीआधी एका कागदावर सही करायची असते: अर्जातील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. कारकुनाने कागद पुढे सरकवला. मी सही केली. नेहमीची सही करायला मला दोन सेकंद लागतात, त्या दिवशी पेन कागदावर टेकवून मी इतका वेळ थांबले की कारकून म्हणाला, "दुसरं पेन देऊ का, मॅडम?"

आत चौघे होते. मधोमध बाहेरून आलेल्या एक ज्येष्ठ बाई, पांढरे केस, सुती साडी. बाजूला दोन प्रशासनातले, आणि एका टोकाला आमचे सर. सरांनी मला बघून हलकेच मान हलवली, घाबरू नकोस अशी.

सुरुवातीचे प्रश्न झाले. शिकवणं, विद्यार्थी, वगैरे. उत्तरं आपोआप येत होती. मग त्या बाईंनी अर्जाचं पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. नेमकं तिथेच.

"तुमच्या या एका लेखाचा हवाला बाकी सगळ्या लेखांपेक्षा जास्त वेळा दिला गेलाय. छान आहे. पण लेखावर नावं बरीच आहेत. यातलं नेमकं तुमचं स्वतःचं काम कोणतं?"

हा काही तिरका प्रश्न नव्हता. प्रत्येक मुलाखतीत विचारतात. उत्तर मी आधीच्या दोन्ही वेळी घडाघडा दिलं होतं: आखणी माझी, फॉर्म माझा, विश्लेषण माझं. या वेळीही जिभेवर तेच आलं. "आखणी माझी," मी म्हणाले. "फॉर्म माझा..."

फॉर्म माझा. ती एक पानाची हुशारी माझी. दाराशी न वळता दिलेलं उत्तर माझं. तीन दिवस मी ते अक्काच्या पदरात टाकायला निघाले होते, आणि आता हक्क सांगायची वेळ आली तर फॉर्म माझा म्हणत होते.

"फॉर्म माझा आहे," मी पुन्हा म्हणाले, "आणि तो चुकीचा आहे. या लेखातला निष्कर्ष चुकीचा आहे. मला हे मंगळवारी कळलं. बाहेर मी आत्ता सही करून आले, ती सहीसुद्धा खोटी आहे."

सर झटकन पुढे झुकले. "मॅडम म्हणतायत ती फील्डवरची चूक आहे. क्षेत्रपातळीवर वय नोंदवताना..."

"नाही, सर." माझा आवाज चढला, मलाच ऐकू आला. "तिने मला विचारलं होतं. पूर्ण लिहू की चालू, म्हणून. वहीत लिहून ठेवलंय तिने. मीच म्हटलं, आई सांगेल ते लिही. चूक तिची नाही. माझी आहे."

त्या बाईंनी अर्ज मिटला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जर्नलला कळवलंत?"

"आज कळवते."

"कळवा," त्या म्हणाल्या. एवढंच. शाबासकी नाही, रागावणं नाही. बाहेर आले तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती.

त्याच दुपारी पत्र लिहिलं. माझं इंग्रजी सरांसारखं गुळगुळीत नाही. सरळ लिहिलं: फॉर्मवर जन्मतारीख विचारली नाही, या भागात वय चालू वर्षाने सांगतात हे लक्षात घेतलं नाही, नोंद करणाऱ्या व्यक्तीने शंका विचारली असता चुकीची सूचना दिली, तिन्ही गोष्टींना मी जबाबदार आहे.

प्रोफेसरची जागा दुसऱ्याला मिळाली. पेढे पुन्हा खाल्ले. या वेळी हसता आलं नाही, आणि खोटं हसलेही नाही. सर दोन-तीन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. वाईट वाटलं, अजून वाटतं. नव्याने हिशोब मांडल्यावर ती पायरी जवळजवळ सपाट झाली, आणि लेख मागे घेण्यात आला. माझ्या पानावर तो अजून आहे. शीर्षकाआधी 'मागे घेतलेला' असा शिक्का. गंमत बघा, आकडा अजून वाढतोच आहे. शिक्का न वाचता हवाला देणारे लोक असतात. मी अजूनही सकाळी पान उघडते, पण आता आकडा वाढला की हवाला देणाऱ्याचा पत्ता शोधते आणि त्याला पत्र लिहिते की बाबा रे, हे खोटं आहे, काढून टाक. काही जण उत्तर देतात. बरेचसे देत नाहीत.

अक्काचं कंत्राट वाढलं. त्यासाठी मला प्रशासनाच्या तीन खोल्यांत तीनदा भांडावं लागलं, आणि भांडायला मला आवडतं, त्यामुळे त्याचं कौतुक नको.

मग मी नवा फॉर्म घेऊन होसकोट्याला गेले. सगळं पुन्हा करायचं होतं, पहिल्यापासून. अक्का अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती. मला बघून तिने पिशवी बाजूला सरकवली.

"मॅडम, तो लेख परत घेतलात म्हणे."

"हो अक्का. घेतला."

तिने आवाज खाली केला. "माझं नाव नव्हतं ना त्यात?"

"नाही. नव्हतं."

"देवरे!" तिने छातीवर हात ठेवला. "वाचले बाई. दोन आठवडे झोप नव्हती मला."

तिच्या चेहऱ्यावरची ती सुटका बघून मला कसंसंच झालं. तिचं नाव मी गाळलं होतं ते तिला वाचवायला नव्हे. तिची आठवणच झाली नव्हती मला. ती घरोघर उन्हातून फिरली, आणि तिच्या कामाच्या बदल्यात मी तिला एवढंच देऊ शकले होते, की चूक निघाली तेव्हा तिचं नाव कुठे नव्हतं. मी तिला म्हटलं, "अक्का, त्या दिवशी तू विचारलेलं मला आठवत होतं. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," अक्का म्हणाली.

मी नवा फॉर्म तिच्या हातात दिला. आता तो दोन पानांचा होता. वरच जन्मतारखेची ओळ, आणि शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव लिहायला जागा. "या वेळी लेखावर तुझं नाव येईल," मी म्हणाले. "आभारांत नाही. वर, सगळ्यांबरोबर."

अक्काने दोन्ही पानं उलटसुलट करून वाचली. चष्मा पुसला. पिशवीतून तीच वही काढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला पाच-सहा गोष्टी विचारायच्या आहेत," ती म्हणाली. "आज कुठलं विमान नाही ना, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले, आणि खांद्यावरची पिशवी काढून तिच्या शेजारी पायरीवर बसले.